तांब्यातले बुडबुडे

निवृत्त माणसाला घरात दोन कामे हमखास मिळतात. सकाळी दुधाच्या पिशव्या आणणे आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मुलाला कुठल्या तरी क्लासला पोहोचवणे. बँकेतून मोकळा झाल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१९ च्या फेब्रुवारीत, मी मुंबईला भाचीकडे राहायला गेलो आणि दुसरे काम माझ्या वाट्याला आले. भाचीची मुलगी पाश्चात्त्य पद्धतीची बासरी शिकते. ‘आजोबा, आज साधा क्लास नाही, मास्टरक्लास आहे,’ तिने लोकलमध्येच मला बजावले. ‘तुम्ही मागच्या रांगेत बसा. आणि टाळ्या सगळे वाजवतील तेव्हाच वाजवा.’

परदेशातून एक ओबोवादक बाई आल्या होत्या. त्या तीन विद्यार्थ्यांना सर्वांसमक्ष शिकवणार होत्या. बाकीच्यांनी ऐकायचे, पाहायचे. खोली फार मोठी नव्हती. पियानो, चार-पाच स्टँड, वीस-पंचवीस खुर्च्या आणि मागच्या रांगेत माझ्यासारखेच पोहोचवायला आलेले दोघे-तिघे. शेजारच्या गृहस्थांनी मला हळूच विचारले, ‘ओबो म्हणजे ते लांबलचक असतं तेच का हो?’ मी गंभीरपणे मान हलवली. मलाही ठाऊक नव्हते.

ओबो लांबलचक नसतो. हातभराहून थोडा मोठा, काळ्या लाकडाचा, अंगभर चांदीसारख्या चाव्या. पण त्याचा पहिला सूर खोलीत आला आणि मी दचकलो. कारण तो सूर ओळखीचा होता. जरा सभ्य कपडे घालून आलेला, पण घरचाच. सनईचा.

नंतर घरी जाऊन मी पुस्तके धुंडाळली. सनई आणि ओबो एकाच घराण्यातले. दोघांच्या तोंडाशी जोडपत्ती असते आणि दोघांची नळी वरून खाली रुंद होत जाते. हे घराणे मूळचे पश्चिम आशियाकडचे. त्याची एक शाखा इराणमार्गे आपल्याकडे येऊन देवळात आणि लग्नमांडवात स्थिरावली. दुसरी युरोपात गेली, तिथे शॉम या नावाने चौकाचौकांत वाजली आणि सतराव्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातल्या कारागिरांनी तिला घडवून-तासून दिवाणखान्यात आणले. ‘ओबो’ हा शब्दही फ्रेंचच. मूळ अर्थ ‘चढ्या आवाजाचे लाकूड’. आपली बहीण मांडवाच्या दाराशी राहिली, तिकडची ऑर्केस्ट्रात मधोमध जाऊन बसली. आणि नुसती बसली नाही. मैफल सुरू होण्याआधी सगळी वाद्ये सुरात लावतात ती ओबोच्या एका सुरावर. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा. ओबोवाला तो सूर धरून ठेवतो आणि साठ-सत्तर माणसे त्याच्याकडे कान लावून आपापली वाद्ये जुळवतात.

मुंबईत हे वाद्य शिकणारे फारसे नाहीत, पण अगदीच नाहीत असेही नाही. मेहली मेहतांनी (जगप्रसिद्ध झुबिन मेहतांचे हे वडील) १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. अलीकडे २००६ मध्ये एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याच्या फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या हंगामांना परदेशी वादक येत असल्यामुळे शहरात या वाद्यांचे जाणते हात अधूनमधून फिरकतात. शिवाय एक शाळा अशी आहे, जिचा आपल्याला कधी संशयही येत नाही. कुलाब्याला नौदलाच्या आयएनएस कुंजालीवर संगीताचे शिक्षण दिले जाते. प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत जो नौदलाचा बँड डौलात जातो, त्यातल्या माणसांची तालीम या मुंबईतली. त्या दिवशीच्या तिघांपैकी एक जण नौदलाच्या बँडमधला होता, तिशीचा, ताठ बसणारा. दुसरा वसईचा कॉलेजात जाणारा मुलगा. तिसरी एक अगदी लहान चणीची मुलगी, तिच्या मानाने ओबो मोठाच दिसत होता.

वसईचा मुलगा आधी उभा राहिला. ब्रिटन नावाच्या इंग्रज संगीतकाराने १९५१ मध्ये एकट्या ओबोसाठी सहा छोट्या रचना केल्या, त्यातली पहिली तो वाजवणार होता. रचनेचे नाव ‘पॅन’. ग्रीकांचा हा रानातला देव एका अप्सरेच्या मागे लागतो, ती पळता पळता नदीकाठचा बोरू होते आणि तो तिच्याच काड्यांचा पावा करून वाजवत बसतो. मुलगा बरा वाजवत होता. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली आणि एक लांब सूर शेवटाला कापला गेला.

बाई पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी त्याला थांबवले नाही, तोच थांबला. त्यांनी विचारले, ‘काय झालं?’

‘हवा संपली.’

‘संपली? बरं. पुन्हा तोच सूर वाजव. आणि संपली असं वाटलं की वाद्य तोंडातून काढ आणि फुंकर मार.’

त्याने तसे केले. आणि काय सांगू, त्याच्या तोंडातून एवढी मोठी फुंकर निघाली की स्टँडवरचा कागद उडाला. खोलीत हशा पिकला. मुलगा ओशाळला. बाई मात्र हसल्या नाहीत.

मग त्यांनी आम्हा सर्वांना एक प्रयोग करायला लावला. तो वाचकांनीही घरबसल्या करून पाहावा. छातीभर श्वास घ्या. आता तो न सोडता आणखी एक श्वास घ्या. आणखी एक. तिसऱ्याला जीव कासावीस होतो. छातीत हवा गच्च भरलेली असते आणि तरी गुदमरायला होते. ओबोचे दुखणे नेमके हेच. त्याच्या पत्तीची फट इतकी बारीक की बासरीवाल्याला जेवढी हवा लागते तिच्या पासंगालाही इथे लागत नाही. वाजवणारा मरतो तो हवा कमी पडून नव्हे, शिळी हवा कोंडून. म्हणून ओबोवाल्याला श्वास घेण्याआधी तो सोडायला शिकावे लागते. बाईंनी त्या मुलाच्या कागदावर पेन्सिलीने दोन निरनिराळ्या खुणा केल्या. इथे नुसता सोडायचा, इथे घ्यायचा. जवळजवळ अर्धा तास या एका गोष्टीवर गेला. रचना पुढे सरकलीच नाही. शेजारचे गृहस्थ घड्याळ पाहू लागले होते. पण मुलाने शेवटी तो सूर धरला तेव्हा त्यांनीही घड्याळ झाकले.

मास्टरक्लास हा शब्द ऐकून माझ्या मनात काहीतरी भारी, दिखाऊ प्रकार आला होता. ही प्रथा रूढ केली ती पियानोवादक फ्रान्झ लिस्टने. १८६९ नंतर तो दरवर्षी वाइमार गावी येऊन राही. दुपारी घरी तरुण वादक जमत, एक वाजवी, बाकीचे ऐकत. लिस्ट पैसे घेत नसे. बोटांची घोटाई घरी करून या, इथे नको, असा त्याचा खाक्या होता म्हणतात. आपल्याकडे गुरूसमोर तालमीला बसलेल्या दहा शिष्यांत एकाची चूक निघाली की बाकी नऊ जण ती न करता शिकतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गुरू दोन तासांचा पाहुणा. उद्या तो विमानात बसणार. तेवढ्या वेळात त्याला विद्यार्थ्याची गाठ कुठे बसली आहे ते ओळखायचे असते आणि तीसुद्धा चारचौघांत, त्याला उघडे न पाडता, सोडवायची असते. बाईंना ती हातोटी होती. फुंकरीनंतर मुलगा ओशाळला तेव्हा त्यांनी सांगितले की भर कार्यक्रमात त्यांची स्वतःची पत्ती एकदा अशी चिरकली होती की पहिल्या रांगेतल्या लहान मुलाने कानांवर हात ठेवले.

पत्तीवरून आठवले. मधल्या सुट्टीत बाईंनी एक लहानशी डबी उघडली. आत कापसावर सात-आठ पत्त्या, पानदानातल्या लवंगांसारख्या मांडून ठेवलेल्या. ओबोवाला आयुष्याचा केवढा तरी भाग या पत्त्या करण्यात घालवतो. दक्षिण फ्रान्समध्ये उगवणारे वेळूसारखे उंच गवत आणायचे, चिरायचे, तासायचे, दुमडून दोऱ्याने बांधायचे आणि धारदार चाकूने टोक खरवडत खरवडत कागदासारखे पातळ करायचे. एवढे करून ती पत्ती काही तास वाजते, मग मरते. बाईंनी त्या लहान मुलीची पत्ती हातात घेतली, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि उजेडात धरून पाहिली. मग चाकू तिच्याच हातात दिला. ‘मी केली तर माझी होईल,’ त्या म्हणाल्या.

हे उजेडात धरून पाहणे मी पूर्वी कुठेतरी पाहिले आहे, असे मला तेव्हा वाटून गेले. पण आठवेना.

शेवटी नौदलवाला उठला. त्याने रिखार्ड स्ट्राउसच्या ओबो कन्चेर्टोचा आरंभ निवडला होता. बाईंनी वाजवण्याआधी या रचनेची गोष्ट सांगितली, बहुधा मुद्दाम त्याच्यासाठी. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीत आलेल्या अमेरिकन फौजेत जॉन द लान्सी नावाचा एक सैनिक होता. युद्धाआधी तो पिट्सबर्गच्या ऑर्केस्ट्रात ओबो वाजवत असे. ऐंशी ओलांडलेल्या स्ट्राउसच्या घरी जाण्याची त्याला संधी मिळाली. त्याने भीत भीत विचारले, ओबोसाठी कन्चेर्टो लिहावा असे आपल्या मनात कधी आले का? म्हातारा एका शब्दात ‘नाही’ म्हणाला. आणि काही महिन्यांत रचना लिहून तयार होती. पुढच्या वर्षी झुरिकला ती वाजलीही.

ही रचना वाजवणाऱ्याचा जीव काढते. ओबो सुरू झाला की पन्नासहून अधिक मात्रापट्ट्या त्याला विसावा म्हणून नाही. नौदलवाल्याने पाऊण वाट पार केली आणि तो थांबला. बाई म्हणाल्या, इथे दोन मार्ग. एक म्हणजे मघाचा, संधी साधून शिळी हवा सोडण्याचा. दुसरा म्हणजे गालांत हवा साठवून ती पत्तीत ढकलत राहायची आणि त्याच क्षणी नाकाने नवी घ्यायची. श्वासाचे चाक थांबतच नाही. स्वित्झर्लंडच्या हाइन्झ होलिगरने हे तंत्र ओबोवर फार पुढे नेले. पण ‘आमच्या शाळांतून गाल फुगवणं म्हणजे गुन्हा होता,’ बाई म्हणाल्या. ‘मी ते तिशीनंतर शिकले. कसं, ते दाखवते.’

त्यांनी पाण्याचा ग्लास मागवला. कुणाच्या तरी फळांच्या रसाच्या डब्यातली नळी घेतली, पाण्यात बुडवली आणि फुंकू लागल्या. बुडबुडे येऊ लागले. आम्ही वाट पाहत राहिलो. बुडबुडे येतच राहिले. बाईंचे गाल लहान मुलासारखे फुगत, बसत होते, नाकपुड्या हलत होत्या आणि बुडबुड्यांत खंड पडत नव्हता.

आणि मला एकदम कळवण आठवले.

१९८४ साली मी कळवण तालुक्यात बँकेचा फील्ड ऑफिसर होतो. वय सव्वीस. खाली मोटारसायकल, मागे फायलींची पिशवी. नाशिक जिल्ह्याचा हा वायव्येकडचा भाग. सगळा महाराष्ट्र ज्या देवीला ‘वणीची देवी’ म्हणतो तो सप्तशृंगगड वस्तुतः कळवण तालुक्यात आहे, हे तिथला माणूस तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. गिरणेचे पाणी, चणकापूरचे धरण, पूर्वेला कांदा आणि पश्चिमेला डोंगरांत कोकणा-भिल्लांचे पाडे. त्या पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव चाले. दुधी भोपळ्याची पावरी रात्रभर वाजे, आणि तीही न थांबता. वसुलीला गेलेला मी एकदा तिथेच अडकलो होतो. रात्री दोनला पावरी ऐकता ऐकता झोपलो आणि पाचला जाग आली तेव्हा तीच पावरी, तोच माणूस. हा श्वास कधी घेतो, असा प्रश्न मला पडला होता एवढे खरे. पण मी तो कुणाला विचारला नाही. मला त्याच्या शेळ्यांचे हप्ते विचारायचे होते.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे. २ ऑक्टोबर १९८० पासून ही योजना देशभर लागू झाली होती. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उत्पन्न देणारे काहीतरी साधन घेण्यासाठी कर्ज आणि वर सरकारी अनुदान. अल्पभूधारकाला चौथा हिस्सा, मजूर आणि कारागिराला तिसरा हिस्सा, आदिवासीला निम्मे. साधन म्हणजे गाय, शेळ्या, बैलगाडी, शिलाई मशीन. प्रत्येकाचा ठरीव खर्च, ठरीव उत्पन्न, ठरीव हप्ता. छापील तक्ता असे.

अशा एका आठवडे बाजाराच्या दिवशी एक साठीचे गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. धुतलेला फेटा, बारीक अंग. त्यांना दोन सनया, एक सूर आणि चौघड्याची जोडी घ्यायची होती. (सूर म्हणजे सनईसारखेच वाद्य, पण त्यावर फक्त एक आधारस्वर धरून ठेवायचा.) त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सनई होती. लगीनसराईत सुपाऱ्या येत, चैत्रात खानदेशातून गडावर पायी येणाऱ्या दिंड्यांबरोबर वाजवणे होई. जुनी वाद्ये चिरली होती. मुलगा हाताशी आला होता, नातूही तयार होत होता. एक ताफा उभा राहिला असता.

मी तक्ता पाहिला. तक्त्यात सनई नव्हती. तरी मी नियमाप्रमाणे पाहणीला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर, ओट्यावर म्हाताऱ्यांनी घोंगडी अंथरली. त्यांनी एक पत्ती काढली आणि एक डोळा मिटून उजेडात धरली. हो, तिथेच पाहिले होते मी ते! मुलगा आत सुरावर बसला होता, एकच स्वर कितीतरी वेळ, जसा शेजारी कुणी दळण दळत असावे. मी विचारले, ‘हा नुसतं एवढंच वाजवतो?’ म्हातारे म्हणाले, ‘सात वर्षं झाली. आता सनई देईन हाती.’ आणि ओट्याच्या कडेला सहा-सात वर्षांचा नातू पाण्याने भरलेला तांब्या पुढ्यात घेऊन, त्यात पपईच्या देठाची पोकळ नळी बुडवून बुडबुडे काढत बसला होता. गाल फुगलेले, नाकपुड्या हलताहेत आणि बुडबुडे थांबत नाहीत. आजोबा माझ्याशी बोलता बोलता मधेच त्याच्याकडे पाहून दोन बोटे हलवत. मला वाटले, पोराला दटावताहेत. तो ताल देत होते.

मी पाहणी अहवाल लिहिला. मला तो शब्दशः आठवतो, कारण असे अहवाल आम्ही शेकड्यांनी लिहिले आणि सगळे सारखेच असत. ‘अर्जदाराचे उत्पन्न हंगामी. व्यवसायाचे प्रशिक्षण अथवा प्रमाणपत्र नाही. साधनाचे कोटेशन उपलब्ध नाही. घरात एक मुलगा, पूर्णवेळ उद्योग नाही. एक नातू, लहान.’

प्रस्ताव मी नामंजूर केला. कुणी वरून सांगितले नव्हते. शाखाधिकाऱ्यांनी तर माझ्या शेऱ्याखाली न वाचताच सही केली असती. उलट मी स्वतःला उदार समजत होतो, कारण म्हाताऱ्यांना मी तोड काढून दिली होती. ‘बाबा, बँड काढा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल. नाशिकचा दुकानदार कोटेशन देतो, उत्पन्न दाखवता येतं, मी उद्या मंजूर करतो.’ ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘साहेब, मना तोंडले त्यानं वळण नही.’ माझ्या तोंडाला त्याचे वळण नाही. मला हे निमित्त वाटले. मी फाईल बंद केली.

‘प्रमाणपत्र नाही’ हे मी लिहिले ते कोणत्या गावाच्या जिल्ह्यात बसून? विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत घराण्याच्या ओसरीवरून उचलून शाळेच्या वर्गात आणले आणि उत्तर आयुष्यात ते नाशिकलाच आश्रम करून राहिले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या आज घराघरांत माहीत आहेत, त्या त्यांच्या शिष्यपरंपरेने बांधल्या. त्या कामाची थोरवी मोठी आहे आणि माझ्या घरात दोघी विशारद आहेत. पण शाळा निघाली की शाळेबाहेरचे शिकणे दिसेनासे होते, हेही तितकेच खरे. युरोपात ज्याला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात, तो शब्द इटलीतल्या अनाथाश्रमांवरून आला. नेपल्समध्ये पोरक्या मुलांना सांभाळत, पोटापाण्यासाठी गाणे-वाजवणे शिकवत. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे मूळ अर्थाने सांभाळण्याची जागा. त्या अर्थाने कळवणच्या ओट्यावर मी एक पाहून आलो होतो. वरचा वर्ग आत सुरावर, खालचा तांब्यापाशी आणि मास्तर घोंगडीवर माझ्याशी कर्जाबद्दल बोलत.

मास्टरक्लास संपला. टाळ्या वाजल्या, मला वाजवायचे भान राहिले नाही. नात म्हणाली, ‘आजोबा, आता वाजवायच्या!’

एप्रिलमध्ये मी कळवणला गेलो. चैत्रोत्सवाची गर्दी होती, गडाच्या वाटेवर खानदेशातले पायी येणारे लोक, भगवे झेंडे आणि ट्रॅक्टरवर बांधलेले भोंगे. पस्तीस वर्षांत गाव ओळखू येईनासे झाले होते. घर मात्र सापडले, ओटा सिमेंटचा झाला होता. म्हातारे १९९० च्या सुमारास गेले. मुलाने काही वर्षे जुन्याच वाद्यांवर निभावले. मग लग्नघरांत बिस्मिल्ला खाँसाहेबांची कॅसेट आली. सनईला भारतरत्न मिळवून देणाऱ्या त्या थोर माणसाचा यात काय दोष? पण पंचवीस रुपयांत खाँसाहेब मिळत असतील तर कळवणच्या माणसाला सुपारी कोण देणार? मुलगा पुढे मजुरीला लागला, तोही आता नाही.

तांब्यावाला नातू भेटला. वय बेचाळीसच्या आसपास, मिशांत एखाददुसरा पांढरा केस. त्याची पिकअप आहे, हंगामात बाजार समितीत उन्हाळ कांदा नेतो. मी कोण ते सांगितले. ‘बँकेचे साहेब’ एवढेच त्याला आठवत होते. मी जे केले तेही सांगून टाकले. तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही दिलं असतं, तर फेडलं नसतं साहेब आम्ही. कॅसेट आलीच असती ना.’ हिशेबाने त्याचे बरोबर होते. मला त्याने हलके वाटले नाही.

मग मी त्याला मुंबईच्या बाईंची हकिगत सांगितली. ग्लास, नळी, बुडबुडे. तो हसायला लागला. बायकोला हाक मारून म्हणाला, ‘ऐकलं का, परदेशात पण तेच करतात.’ त्याच्या मुलीने लगेच विचारले की तेच म्हणजे काय. पपईचा देठ मिळाला नाही. मोटारीच्या डिझेलच्या नळीचा एक नवा तुकडा होता, तो धुऊन घेतला. तो ओट्यावर बसला आणि तांब्यात फुंकू लागला. आम्ही बोलत होतो, चहा आला, मुलीने मोबाइलवर वेळ लावली. बुडबुडे थांबले नाहीत. मी त्याचा चेहरा पाहत होतो. गाल तसेच, सहा वर्षांच्या मुलाचे.

‘सनई आहे?’ मी विचारले.

‘आहे. पत्ती नाही. पत्ती करणारा आजोबाबरोबर गेला.’ मग त्यानेच विचारले, ‘त्या बाईंची पत्ती कशाची असते?’

मी गवत सांगितले, वेळूसारखे, फ्रान्सचे. त्याला ते पुरेना. जाडी किती, दोरा कसा गुंडाळलेला, टोक सरळ की गोल? मला काहीच सांगता येईना. मुंबईला फोन करून मी नातीला कामाला लावले. वसईच्या त्या मुलाकडून टाकून दिलेली एक पत्ती तिने मिळवली, कापसात गुंडाळून पाठवली आणि दिवाळीनंतर मी ती घेऊन पुन्हा कळवणला गेलो.

त्याने कांद्याच्या गोण्या मोजायचे थांबवून हात पुसले. पत्ती चिमटीत घेतली, सूर्याकडे वळला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिला.

‘जाड राहिली आहे,’ तो म्हणाला. ‘डावीकडून अजून खरवडायला पाहिजे होती.’